सिस्टर दारात आली की

रिबका उजागरे त्या सकाळी गावातल्या वॉर्ड नंबर पाचमध्ये गेली होती ती नुसती पत्रिका द्यायला. हंगामाच्या सणाची पत्रिका. त्या दिवशी चर्चमध्ये कणसं येतात, भोपळे येतात, कोंबड्या येतात, त्यांचा लिलाव होतो आणि मग सगळी मंडळी पंगतीला बसते. म्हणजे आनंदाचंच निमंत्रण की नाही? पण दार उघडणाऱ्या सूनबाईंनी तिला उंबऱ्यात पाहिलं आणि त्यांच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"नाही हो सिस्टर," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी आत्ता तर दीड भाकरी खाल्ली. तुमचं काहीतरी चुकलंय."

"अगं बाई, मी पत्रिका..."

"चुकलंय म्हणते ना मी!" आणि दार बंद.

आतून रडण्याचा आवाज आला. पाठोपाठ म्हातारीचा खणखणीत प्रश्न आला, "कोण आलंय गं?"

रिबकाने पत्रिका दाराखालून आत सरकवली. अडतीस वर्षं तिने नर्सिंग केलं. तिला बघून पोरं भोकाड पसरायची ती सुईच्या भीतीने. आता मोठी माणसं रडायला लागली होती, आणि तिच्या हातात सुईसुद्धा नव्हती. संताप संताप झाला तिचा. पण संतापायचं कुणावर? हा धोंडा तिने आपल्याच पायावर पाडून घेतला होता.

श्रीरामपूरच्या त्या चर्चच्या मंडळीत निवृत्त नर्सची काही वाण नव्हती. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत एक तरी पोरगी नर्स व्हायचीच, ही जुनी चाल. त्यांतल्या नऊ जणींनी मिळून 'सोबत मंडळ' काढलं. आता बरं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेली माणसं, मग ती कुठल्याही जातीधर्माची असोत, त्यांच्या घरी जायचं. दुखणं आवरायचं, जखमा धुवायच्या, माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते घरच्यांना शिकवायचं. प्रार्थना मागितली तर करायची, नाही मागितली तर गप्प बसायचं. घरं जवळजवळ पन्नास. बायका नऊ.

"नऊ बायका, अठरा गुडघे, त्यातले पाच बदललेले," कुमुद म्हणायची.

कुमुद शिरसाठ ही रिबकाची नर्सिंग स्कूलपासूनची मैत्रीण. मैत्रीण म्हणायची एवढंच. दोघींना दहा मिनिटं एका खोलीत ठेवलं तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलवावेत अशी गत. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा यावरून एकोणीसशे ब्याण्णव साली लागलेलं भांडण दोन हजार एकोणचाळीस उजाडलं तरी मिटलेलं नव्हतं.

अशात श्वासपट्टी आली. बोटभर लांबीची, नाकाखाली चिकटवायची, कागदाहून जरा जाड. माणूस शेवटाकडे झुकला की त्याचं शरीर आतलं इंधन बदलतं. यकृत थकतं, मूत्रपिंडं काम आवरतं घेतात, पेशी मिळेल ती चरबी अर्धवट जाळायला लागतात. चुलीत ओलं लाकूड घातलं की धूर वेगळा येतो, तसाच हा आतला धूर रक्तातून फुफ्फुसात येतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. त्यात वीस-पंचवीस वायू असतात. त्यांचं प्रमाण एका ठरावीक वळणाने बदलायला लागलं की साधारण तीन दिवस उरलेले असतात. हा वास जुन्या नर्सच्या नाकांना नेहमीच कळायचा, फक्त सांगता यायचा नाही. पट्टी तो मोजायची आणि चर्चच्या पाळकसाहेबांच्या टॅबवर नाव पाठवायची. शंभरातल्या त्र्याण्णव वेळा ते नाव बरोबर निघायचं. बायका त्याला 'बोलावणं' म्हणायला लागल्या.

पट्टी घ्यावी की नाही यावर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बैठक झाली, तेव्हा उठून बोलली ती रिबकाच. "वॉर्डात आपण काय करायचो? ज्याचं जास्त, त्याच्याकडे आधी. पन्नास घरांत आपण नऊ जणी कुठं कुठं पुरणार? ज्याला बोलावणं आलं त्याच्याकडे जाऊ. निदान एकटं तरी कोणी जाणार नाही."

कुमुदने लगेच हात वर केला. त्या दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. काहीतरी चुकतंय हे खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

नियम साधा होता. प्रत्येक आजाऱ्याने आणि घरच्यांनी फॉर्म भरायचा. 'मला सांगा' किंवा 'मला सांगू नका'. दहातले आठ जण दुसऱ्या चौकोनात खूण करायचे. ते ठीकच. कोणाला काही सांगायचं नाही, फक्त बोलावणं आलं की सिस्टर जाणार.

आता हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात आलं असेल, पण त्या नऊ शहाण्या बायकांच्या आणि त्यांच्या पाळकांच्या वर्षभर ध्यानात आलं नाही. सांगू नका म्हणणाऱ्याच्या दारात सिस्टर उभी राहिली, की सांगायचं आणखी काय उरलं?

लोकांना काही दिवसांतच कळलं. रिबका सिस्टर आली की तिसऱ्या दिवशी मांडव. भाजीबाजारात बायका तिला बघून रस्ता ओलांडायला लागल्या. एकाने तर तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. कुत्रं ओळखीचं निघालं, शेपटी हलवायला लागलं, पण माणसाने सोडलं ते सोडलंच ना!

आणि मग कुमुदला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

तिने पट्टी लावून घेतली, फॉर्म भरला आणि रिबकाला फोन केला.

"ऐक, मी 'सांगू नका'वर खूण केलीय. तेव्हा तू माझ्या दारात यायचं नाहीस."

"म्हणजे? मी चहाला यायचं नाही?"

"चहाला म्हणे! हल्ली तू असंच म्हणून कुणाकडे गेलीयेस?"

रिबकाने आठवून पाहिलं. पत्रिका दिली ते सोडलं, तर वर्षभरात ती बोलावण्याशिवाय एकाही आजाऱ्याच्या घरी गेली नव्हती. वेळच कुठे होता?

"बघ," कुमुद म्हणाली. "गप्प बसलीस. ठेवते."

पहिल्या महिन्यात दोघी फोनवरच भांडत राहिल्या. नंतर कुमुदचा आवाज बारीक होत गेला. एके दिवशी तिच्या सुनेचा, स्नेहलचा फोन आला. पोरगी चांगली, बँकेत नोकरीला, सासूसाठी रजा काढून घरी बसलेली.

"सिस्टर, आईंना फार दुखतंय हो. उशीला चावतात."

"मॉर्फिन किती देतेस?"

"डॉक्टरांनी पाच मिली सांगितलंय. मी अडीच देते. त्याने श्वास थांबतो म्हणतात ना? आणि सवय लागते."

"अगं पोरी, सवय लागायला तिला आता... पाच दे. दर चार तासांनी पाच. दुखायची वाट बघायची नाही. ती स्वतः नर्स आहे, ती काही बोलत नाही?"

"त्या म्हणाल्या एकदा. मी म्हटलं, आई, भीती वाटते. तेव्हापासून मागतच नाहीत."

मागणार नाहीच. अर्ध्या जिल्ह्याला जिने औषध पाजलं ती सुनेपुढे बाटलीसाठी हात पसरेल होय! पाच मिनिटं समोर बसून, मोजून, देऊन दाखवलं असतं तर स्नेहलची भीती गेली असती. फोनवर सांगून ती जात नव्हती, हे रिबकाने पुढच्या आठ दिवसांत चार वेळा करून पाहिलं. बाकीच्या कुठल्या सिस्टरला पाठवावं, तर सगळ्यांच्याच पायांना आता तोच अर्थ चिकटलेला. आणि अर्ध्या मैलावर ती बाई उशी चावत होती.

रिबका तडक पाळकसाहेबांकडे गेली. पाळक सुहास वैरागर पस्तिशीचे, कामसू, मनाचे चांगले, पण तक्त्यांचं भारी वेड.

"सलाम, सिस्टर. बसा. हे बघा," त्यांनी टॅब फिरवला. "गेल्या वर्षात एकशे बारा जण गेले, त्यातल्या एकशे आठ जणांच्या उशाशी आपलं माणूस होतं. अख्ख्या राज्यात असं कुठे नाही."

"आणि आम्ही दारात दिसल्यावर त्या एकशे आठ जणांना काय वाटलं, ते कुठल्या रकान्यात आहे?"

पाळकसाहेबांनी टॅब पालथा ठेवला.

"मी कुमुदकडे जाते आहे," रिबका म्हणाली.

"जा ना. तुम्हाला कोणी अडवलंय?"

"तुमच्या यंत्राने अडवलंय! मी गेले तर तिला वाटेल, तीन दिवस राहिले. नाही गेले तर ती तळमळून मरेल. आगीतून उठायचं आणि फुफाट्यात पडायचं, असलं काम करून ठेवलंय तुम्ही."

'तुम्ही' म्हणताना तिची जीभ अडखळली. बैठकीत उठून बोललं कोण होतं?

तेवढ्यात साखर कारखान्याचा भोंगा झाला. रिबका ऐकत राहिली. हा भोंगा रोज तीनदा होतो, कोणी मान वर करून बघत नाही. तो फक्त अपघात झाला की वाजला असता तर? गावभर बायका पदर खोचून धावल्या असत्या. एखादी खूण फक्त एकाच गोष्टीसाठी येत असेल तर ती त्या गोष्टीची चुगली करते. ती उठसूट यायला लागली की मुकी होते.

"आपण मूर्ख आहोत," ती म्हणाली. "वॉर्डात सिस्टर काय मरणाऱ्याच्याच कॉटपाशी थांबते? अपेंडिक्सवाल्यापाशी थांबते, हात मोडलेल्यापाशी थांबते. म्हणून तर तिला कोणी भीत नाही. आपण वॉर्डातला अर्धाच नियम घेऊन आलो. आधी कुणाकडे जायचं तो घेतला आणि राउंड घ्यायचा विसरलो."

"पण पन्नास घरांचा राउंड आठ जणी कशा घेणार? गुडघे..."

"चिठ्ठ्या टाका. पवित्र शास्त्रात प्रेषितांनीसुद्धा टाकल्या होत्या, बारावा सोबती निवडायला."

नवी बैठक झाली. यंत्राकडून येतील तितकी नावं घ्यायची. आणखी तितकीच नावं बाकीच्या घरांतून काढायची, दानाच्या मखमली थैलीत हात घालून. सगळ्या चिठ्ठ्या कालवून सकाळी वाटायच्या. कुठली चिठ्ठी यंत्राची आणि कुठली थैलीतली, हे नेणारीला कळता कामा नये, म्हणजे तिच्या तोंडावरून कोणी ओळखणार नाही. पाळकसाहेबांना कळणारच, तेव्हा त्यांनी त्या दिवशी त्या गल्ल्यांत पाऊल टाकायचं नाही. चिठ्ठी बदलायची नाही. आणि एकाच घरी लागोपाठ दोन दिवस कोणी जायचं नाही, नाहीतर गल्ली पुन्हा हिशेब मांडणार. हा शेवटचा नियम रिबकाने हट्टाने घालून घेतला.

एस्तेर पाटोळे, वयाने सगळ्यांत थोरली, शेवटपर्यंत विरोधात होती. "म्हणजे मरणाऱ्याला सोडून मी धडधाकट माणसाकडे चहा प्यायला जायचं?"

"हो."

"आणि तो एकटा गेला तर?"

"जाईल कधीतरी एखादा," रिबका म्हणाली. तिला वाटलं तितकं ते सोपं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तिची चिठ्ठी निघाली हनीफभाई अत्तारांची. म्हातारे घड्याळजी, ऐंशीच्या घरातले, फुफ्फुसं निकामी होत चाललेली, नाकात ऑक्सिजनची नळी. तिला दारात पाहून त्यांनी चष्मा काढला आणि मुलीला म्हणाले, "सगळ्यांना बोलाव."

"चिठ्ठीने आले असेन, नाहीतर यंत्राने. मला ठाऊक नाही," रिबकाने सांगितलं. पण पटतंय कुणाला? नातवंडं जमली, कोणी पाय चेपायला लागलं, कोणी रडायला लागलं. रिबकाने त्यांची पाठ पुसली, नळीने सोललेल्या कानामागे मलम लावलं, पोहे खाल्ले, आणि एका घड्याळाची गोष्ट ऐकली, जी काही केल्या संपेना.

तीन दिवस झाले, चार झाले, हनीफभाई मजेत. पाचव्या दिवशी त्यांनी ओळखीच्या झाडून सगळ्यांना फोन केले. "सिस्टर येऊन गेली आणि मी जिवंत आहे! बोला!"

गावात हसू पसरलं. दोन-तीन दारं उघडली. रिबकाला वर्षभरात पहिल्यांदा हायसं वाटलं.

ते बुधवारपर्यंत टिकलं. भगिनी मंडळाच्या प्रार्थनेच्या वेळी नर्मदाबाई शेळके हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ख्रिस्ती नव्हेत, पण दोन वर्षं मंडळाच्या ओळखीच्या.

"माझा माणूस गेला त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "त्याच्या घशात घरघर लागली होती. मला वाटलं गुदमरतोय. मी त्याला उठवून बसवत राहिले, पाणी पाजत राहिले. तुमच्यातली एक असती तर म्हणाली असती, नर्मदाबाई, निजवा त्याला, हे असंच असतं. म्हणाली असती ना?"

त्यांनी एकेकीकडे पाहिलं.

"कोण कुठं होतं त्या दिवशी?"

त्या दिवशी यंत्राने पाच नावं दिली होती आणि थैलीतून पाच निघाली होती. दहा चिठ्ठ्या, आठ बायका. दोन चिठ्ठ्या टेबलावर राहिल्या होत्या, त्यांतली एक शेळक्यांची. रिबका त्या दुपारी हनीफभाईंकडे पोहे खात होती.

"तुम्ही चिठ्ठ्या खेळत होता," नर्मदाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

एस्तेरने रिबकाकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. रिबका घरी गेली आणि भांडी आपटत बसली. जुनं तसंच चालू ठेवलं असतं तर नर्मदाबाईंचा माणूस नीट गेला असता. नवं केलं तर हनीफभाई हसले. एकाचं हसू दुसऱ्याच्या घरघरीवर तोलायचं कसं? आणि हा तराजू तिच्या हातात दिला कुणी? देवाला विचारावं, तर त्याने प्रेषितांना चिठ्ठ्या टाकू दिल्या त्या एकदाच.

पुढल्या सोमवारी तिच्या हातात चिठ्ठी आली, कुमुद शिरसाठ. तिने पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते कपाटात काहीतरी शोधत होते. पाठ फिरवून.

स्नेहलने दार उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "सिस्टर... चिठ्ठी की यंत्र?"

"मला माहीत नाही. अगदी खरं सांगते."

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे."

"आलीच आहेस तर ये. चपला बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय."

कुमुद खाटेवर अर्धवट बसली होती, अंगाचा नुसता सांगाडा झालेला. रिबका खोलीत दोन पावलं आली आणि तिच्या नाकाने ओळखलं. नखं निळसर होती. चादरीबाहेर आलेल्या गुडघ्यांवर जांभळट जाळी उठली होती. चिठ्ठी कुठली होती हा प्रश्न तिथंच संपला. तिने तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला.

"गुडघ्यांकडे बघू नकोस," कुमुद म्हणाली. "मी कालच पाहिलेत."

रिबकाने स्नेहलकडून बाटली मागून घेतली, उजेडात धरून पाच मिली मोजलं, स्नेहलला खुणेवर बोट ठेवून दाखवलं आणि कुमुदला पाजलं. "आता तू तिच्या छातीकडे बघत बस," तिने स्नेहलला सांगितलं. "श्वास मोज. मी आहे इथे." अर्ध्या तासाने कुमुदच्या कपाळावरची आठी सुटली. स्नेहल अजून मोजतच होती. श्वास चालू होता. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, "मी दोन महिने त्यांना निम्मंच..."

"जा, चहा कर," कुमुद म्हणाली. "साखर कमी. आणि रडायचं नाही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि रिबकाचा बांध फुटला.

"तुला ठाऊक होतं! कालपासून ठाऊक आहे! मग मला येऊ का दिलं नाहीस? दोन महिने, कुमुद! दोन महिने तू उशी चावलीस आणि मी तिकडे फोनवर घसा फोडला. तुझ्यापायी मी सगळ्या मंडळाची घडी विस्कटली. एक माणूस माझ्या चिठ्ठ्यांपायी घरघरत गेला. आणि तुला भीती कसली, तर कळायची! नर्स म्हणवतेस?"

"संपलं?" कुमुदने विचारलं. "मला कळायची भीती नव्हती, बये. मी काय बावळट आहे? यांना कळेल याची होती." तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "बोलावणं आलं की घरं कशी होतात, पाहिलंयस ना? सगळे हळू बोलतात. हो ला हो. संदेश तर गोड बोलायला लागेल. माझा मुलगा! सकाळी उठल्यापासून माझ्याशी वाद घालतो तो. त्याने जर 'हो आई, तू म्हणशील तसं' म्हटलं ना, तर मी त्याच क्षणी मेले असं समज. श्वास नंतर थांबेना का. मला अजून थोडं भांडायचं होतं गं, इतकंच."

"मग हे मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तूही गोड बोलायला लागली असतीस."

"मी? तुझ्याशी? तुझी चादर बघ आधी. कोपरे बघ कसे दुमडलेत. ब्याण्णव सालापासून सांगतेय..."

"तो कोपरा बरोबर आहे!"

"डोंबल्याचा बरोबर!"

स्नेहल चहा घेऊन आली तेव्हा दोघी तावातावाने बोलत होत्या, आणि कुमुदच्या गालावर जरासा रंग आला होता. तासभर चाललं ते. मग कुमुदला गुंगी आली.

"उद्या ये," ती डोळे मिटून म्हणाली.

"येता येणार नाही. लागोपाठ दोन दिवस एका घरी जायचं नाही."

"कुठल्या शहाण्याने केला हा नियम?"

"मी."

"वाटलंच," कुमुद म्हणाली.

रिबका अंगणात आली तेव्हा संदेश कारखान्यातून जेवायला घरी येत होता. चाळिशीचा माणूस, तिला बघून मोटारसायकल तशीच सोडून उभा राहिला. त्यानेही 'सांगू नका'वर खूण केली होती.

"सिस्टर, चिठ्ठी होती ना?"

माहीत नाही, असं म्हणणं नियमाला धरून होतं. खोटंही नव्हतं. तिने तोंड उघडलं, पण शब्द निघाले ते भलतेच.

"उद्या कामावर जाऊ नकोस."

संदेशचे डोळे भरून आले.

"हे बघ," ती त्याचा दंड धरून म्हणाली, "हे डोळे इथंच पुसायचे. आत जाऊन गोड बोलायचं नाही. पाय धरायचे नाहीत. तिच्याशी भांडायचं. नेहमी भांडतोस तसं."

"भांडू? आईशी? आत्ता?"

"आत्ताच. आणि मुद्दाम हरू नकोस. तिला लगेच कळतं."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात चिठ्ठी पडली ती हनीफभाईंची. पुन्हा तेच. तिने एस्तेरकडे जाऊन हलक्या आवाजात विचारलं, तुझी कुणाची आहे, बदलतेस का, मला शिरसाठांच्या बाजूचं घर मिळालं तर...

"नियम तुझा आहे," एस्तेर म्हणाली. मग थोडं थांबून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हनीफभाईंचंच यंत्राचं असेल तर? तुला काय ठाऊक? जा."

खरंच, काय ठाऊक? रिबका गेली. साऱ्या रस्त्याने ती चरफडत होती, पट्टीवर, थैलीवर, पाळकांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. हनीफभाई आज टुणटुणीत दिसत होते. त्यांनी आल्याचा चहा मागवला आणि मागच्या वेळी संपली नव्हती ती घड्याळाची गोष्ट पुढे सुरू केली. रिबका त्यांचा श्वास मोजत होती आणि मनाने अर्ध्या मैलावर होती. तिथं आता पाच मिली दिलं असेल का? कुशीवर वळवलं असेल का?

साडेअकराला फोन वाजला. संदेश होता.

"सिस्टर, आई गेली."

ती खुर्चीचा हात धरून बसून राहिली. "कधी?"

"आत्ताच. आम्ही... तुम्ही सांगितलं होतं ना, तसं भांडत होतो. तिची जुनी स्कूटर मी विकली त्यावरून. दोन वर्षं झाली त्याला, अजून तोंडावर मारायची. मी म्हटलं, तुला चालवता येत होती का ती? दोनदा गटारात घातलीस. तर म्हणते, गटारच रस्त्यात आलं होतं. मी उत्तर शोधत होतो. वर बघतो तर..." तो एकदम म्हणाला, "भांडणात गेली हो ती! शेवटचं मी तिच्याशी भांडलो. माफीसुद्धा मागितली नाही."

"दुखत होतं तिला?"

"नाही. स्नेहल वेळेवर देत होती."

रिबकाने डोळे पुसले. हनीफभाई गोष्ट थांबवून तिच्याकडे बघत होते.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"काय?"

"भांडणात. कोण जिंकलं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आईच," संदेश म्हणाला.

"मग झालं," रिबका म्हणाली.